चिवट आहेत म्हणूनच उशिरा येतात

प्रश्न पाठवणाऱ्या ताई मूळच्या काणकोणच्या. आता फातोर्ड्याला राहतात आणि समाजाच्या एका युवक मंडळाचं काम बघतात. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: "आमच्या गावडा, कुणबी, वेळीप या आदिवासी समाजांतली पुष्कळ मुलं-मुली शिकायला नि नोकरीला मडगाव-पणजीत खोल्या घेऊन राहतात. गेल्या वर्षी त्यांच्यासाठी लैंगिक आरोग्यावर डॉक्टरांचं भाषण ठेवलं. एकानंही प्रश्न विचारला नाही. पुढे महिन्याभरात त्याच गटातल्या एका मुलाचं दुखणं फार वाढल्यावर आम्हांला कळलं. आमची माणसं चिवट, डोंगर चढणारी, असं सगळे म्हणतात. मग शहरात आल्यावर ती ढासळतात का? यंदा पुन्हा शिबिर घ्यायचं आहे. काय करावं?"

ताई, तुमच्या प्रश्नातला तो 'मग' आधी खोडते. तुमच्या गटातला तो मुलगा उशिरा आला तो चिवट आहे म्हणूनच. मी गेली बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात याच कामाला आहे, आधी नर्स आणि नंतर समुपदेशक. रुग्णालयांत लैंगिक आजारांच्या तपासणीसाठी 'सुरक्षा क्लिनिक' अशी पाटी दिसते ना, ज्या दारापुढून लोक मान वळवून जातात, तसल्या दारामागे. त्यामुळे जे सांगते ते टेबलाच्या या बाजूनं पाहिलेलं आहे.

एक मुलगा सांगते. ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदललेत. वय बावीसच्या आसपास, काणकोणच्या आतल्या भागातला, कळंगुटच्या पट्ट्यात हॉटेलात हाउसकीपिंगला. आला तो स्वतःहून नव्हे. तळहातांवर तांबूस डाग उठले होते. सुपरवायझर म्हणाला, खरूज दिसतेय, चादरींना हात लावू नकोस, डॉक्टरची चिठ्ठी आण. म्हणून आला. हात पुढे धरून बसला होता, जणू हात दुसऱ्याचेच आहेत. तळहात आणि तळपाय या दोन्हींवर असे न खाजणारे डाग असले की आमच्या डोक्यात पहिलं नाव सिफिलिसचं येतं, जुन्या लोकांच्या भाषेत 'गरमी'. हळूहळू विचारत गेले. दोनेक महिन्यांपूर्वी लघवीच्या जागेवर एक व्रण आला होता. दुखत नव्हता. फार्मसीतून एक ट्यूब आणून लावली, महिन्याभरात बरा झाला. ट्यूब होती खाजेची, स्टेरॉइडवाली. व्रण तिनं बरा झालेला नव्हता. सिफिलिसचा पहिला व्रण औषधाशिवायही भरून येतो, जंतू मात्र रक्तात राहतो आणि पुढे डागांच्या रूपानं वर येतो. मी विचारलं, तेव्हाच का नाही आलास? म्हणाला, "दुखत नव्हतं ना मॅडम. आणि दुखलं असतं तरी सीझन होता, सुट्टी घेतली तर दिवस कापतात."

त्याला लागलं काय, तर दोन्ही कुल्ल्यांवर पेनिसिलिनचं एकेक इंजेक्शन, फुकट, आणि पुढे वर्षभर ठरलेल्या महिन्यांना रक्त तपासायला येणं. इतकंच. पण त्या दोन महिन्यांत त्याच्याकडून आणखी कुणाला लागण झाली असेल, याचा विचार त्यानं केला नव्हता. मी सांगितल्यावर तो पहिल्यांदा रडला. आजारासाठी नाही, तिच्यासाठी.

'दुखत नव्हतं' आणि 'दुखलं असतं तरी' ही दोन वाक्यं मी किती जणांकडून ऐकलीत! दुसऱ्या वाक्यात तुमच्या समाजाचं सगळं बालपण आहे. आजी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चढ चढायची, कुमेरीच्या, म्हणजे डोंगरउतारावरच्या फिरत्या, शेतात राबायची, बाळंतपणानंतर कितव्या दिवशी कामाला लागली याचं घरात कौतुक व्हायचं. सोसलं म्हणजे शहाणा. हे सोसणं शेतावर, डोंगरावर कामी आलं असेल. पण क्लॅमिडियासारखी लागण बाईला महिनोन्महिने काहीच जाणवू देत नाही आणि आतल्या आत गर्भनळ्यांना सूज आणते, पुढे मूल राहायला अडचण होते. तिथे सोसणाऱ्याचाच घात होतो. म्हणून भाषणात कुणी 'आमची चिवट माणसं' म्हणाला की मला धडकी भरते. मी ज्याला तग धरणं म्हणते ते निराळं असतं. दुखायच्या आधी कुणाला तरी सांगता येणं, एका दारातून हाकललं तर दुसरं दार माहीत असणं, आणि परत जायला एक घर असणं. यांतलं तिसरं तुमच्या मुलांकडे शहरातल्या बाकीच्या कितीतरी मुलांपेक्षा जास्त आहे. पहिली दोन नाहीत.

शहरातली आदिवासी मुलं म्हटलं की आपण फक्त खोल्या घेऊन राहणारी धरतो. गोव्यात ते पुरेसं नाही. २०११च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १,४९,२७५ होती, त्यांतले ६१,६३६ शहरी भागात, म्हणजे दहांत चार. सगळे काही केप्या-सांग्याहून बस पकडून आलेले नाहीत. ताळगाव, चिंबल इथले गावडे तिथेच होते, पणजी वाढत वाढत त्यांच्या दारात आली. या दोन प्रकारच्या मुलांच्या अडचणी वेगळ्या असतात. काणकोणच्या मुलाला मडगावात कुणी ओळखत नाही, म्हणून तो मोकळा आहे आणि म्हणूनच एकटा आहे. चिंबलच्या मुलीची तऱ्हा उलटी. जवळच्या दवाखान्यात केस पेपर काढणारी तिची चुलत वहिनी, औषधं देणारा वाड्यावरचा. ती जाणार कुठे? ती बस पकडून म्हापशाला जाते. मी तिला हेच सांगते, जा, लांब जा, काही बिघडत नाही. सरकारी केंद्रात तुमचा तालुका कुठला म्हणून कुणी परत पाठवत नाही.

आता माझ्या दोन चुका, कारण त्या सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

पहिली. सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे रुग्णाला दारातून नावानं हाक मारायची पद्धत होती, आडनावासकट. मी एका मुलाला तशी हाक मारली. 'वेळीप' हे आडनाव ऐकताच बाकावरच्या दोन बायकांनी माना वर केल्या, त्यातली एक त्याच्या आईच्या ओळखीची निघाली. मुलगा उठलाच नाही. मी पुन्हा हाक मारली, तेव्हा तो उठला आणि बाहेरच्या दारानं निघून गेला. इतर कुणाचं आडनाव गर्दीत विरून जातं. वेळीप म्हटलं की तालुका कळतो, गाव विचारलं की वाडा कळतो, वाडा कळला की बापाचं नाव कळायला दोन वाक्यं पुरतात. त्या दिवसापासून मी नंबर पुकारते.

दुसरी चूक जास्त वाईट. एका मुलीला मी विचारलं, "तुमच्यात हे चालतं ना?" मला वाटलं, मी मोकळेपणानं बोलतेय. ती काही बोलली नाही, पर्स उचलून गेली. पुन्हा आली नाही. घरी जाऊन मी विचार केला, हे वाक्य माझ्या तोंडात आलं कुठून? आलं ते कार्निव्हलच्या चित्ररथांतून, पर्यटनाच्या पोस्टरांतून, कुणबी नाच बघताना मागच्या खुर्च्यांवरून येणाऱ्या शेऱ्यांतून. लाल-पांढऱ्या चौकटींचं लुगडं चोळीशिवाय नेसायच्या, म्हणून त्या बायका 'मोकळ्या', असा एक घाण समज गोव्यातल्या भल्या घरांत आजही आहे. तीच लुगडी आता फॅशन म्हणून महाग विकली जातात, पण शेरा काही गेला नाही. आणि गंमत बघा, प्रत्यक्षात माझ्यासमोर बसणाऱ्या तुमच्या मुली सगळ्यांत जास्त लाजणाऱ्या. त्यांना हा शेरा लहानपणापासून माहीत असतो. त्या दवाखान्यात काही विचारत नाहीत, कारण विचारलं की 'ह्यांच्यात असंच' यावर शिक्का बसेल. तुमच्या शिबिरात डॉक्टरांसमोर खाली घातलेल्या मानांत हेही होतं. सगळी लाज होती असं समजू नका.

मोठ्यांची भीती आणखी जुनी आहे. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या गोव्यातल्या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही सापडला, म्हणून त्या वेळच्या कायद्याखाली त्याला म्हापशाला एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं. गुन्हा काही नव्हता. त्यानं पुढे लढा दिला, १९९२ मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी झाली आणि त्याच वर्षी तो गेला. त्या वेळच्या तरुणांची मुलं आज वीस-पंचवीसची आहेत. 'तपासणी केली की नाव सरकारात जातं' हे वाक्य घराघरांत तिथून टिकलंय. आजचा कायदा उलट आहे. एचआयव्हीबाबतचा २०१७चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, आणि त्यानुसार संमतीशिवाय तपासणी नाही, निकाल दुसऱ्याला सांगायचा नाही, त्यावरून नोकरीवरून काढायचं नाही. हे मुलांना सांगा. पण त्याच्या आधी डॉमिनिकची गोष्ट सांगा, नाहीतर भीती खोटी ठरवल्यासारखं होतं. ती खोटी नव्हती.

आता मुलींकडे येते, कारण माझ्याकडे येणाऱ्या तुमच्या मुलींपैकी निम्म्याहून जास्त एकच तक्रार घेऊन येतात: "अंगावरून जातं." पांढरं पाणी.

वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला असलेली एक मुलगी होती, केप्याची, तेवीसची. तिनं तोवर तीन ठिकाणी गोळ्या खाल्ल्या होत्या, गावठी वखदही घेतलं होतं. तपासलं तर लागण नव्हती. बोलत बसलो. पॅकिंगच्या खोलीत जाताना डोक्यापासून पायापर्यंत कोट, टोपी, मास्क. लघवीला जायचं तर सगळं उतरवून बाहेर, परत सगळं चढवून आत, आणि लाइनचा मुख्य घड्याळाकडे बघणार. म्हणून ही सकाळी निघताना पाणीच पीत नव्हती. पाळीत एकच पॅड आठ तास. कंत्राट सहा महिन्यांचं, ते संपत आलेलं. घरमालकीण म्हणालेली की लग्न झालेलीलाच खोली देते, तरी दया केली. गावी वडिलांचं काम सुटलेलं. रात्री झोप नाही, कंबर दुखते, थकवा. आणि हे सगळं सांगायला तिला एकच शब्द माहीत होता, जो बाईमाणसानं डॉक्टरला सांगितला तर चालतो: पांढरं जातं.

हे माझ्या एकटीचं निरीक्षण नाही. याच गोव्यात, बार्देशातल्या हळदोण्याच्या परिसरात, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बायकांचा मोठा अभ्यास झाला. त्यात दिसलं की पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध लागणीपेक्षा मनावरच्या ताणाशी, चिंता-उदासीशी जास्त होता. म्हणून कुणी 'तुझ्या मनात आहे' म्हणून घरी पाठवावं असा याचा अर्थ नव्हे. आधी तपासायचंच. मुलींना फरक मात्र समजावा. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं पाणी जातं ते शरीराचं नेहमीचं काम. दह्यासारखं घट्ट आणि खूप खाज असेल तर बुरशी. राखाडी, मासळीसारखा वास, किंवा हिरवट-पिवळं फेसाळ, तर लागण, दवाखान्यात या. ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, संबंधाच्या वेळी आत दुखतं, तर त्याच दिवशी या, शनिवारची वाट बघू नका. आणि गावठी वखदाची टिंगल करू नका. मी फक्त एवढंच म्हणते, पोटात घेतलंस ते मला नाव सांग, आत काहीही घालू नकोस, आणि आतून साबणानं धुऊ नकोस.

त्या मुलीला सावरलं कुणी? मी नाही. मी पाण्याची बाटली आणि पॅड बदलायच्या वेळा याबद्दल बोलले. मी तिला नेहमीचा प्रश्न विचारला, आईला सांगितलंस का? नाही. मग सुचलं म्हणून दुसरा विचारला, हे घरी कुणाला सांगता येईल? लगेच म्हणाली, "मामीला." आईपुढे बोलता येत नाही ते मामीपुढे येतं, तिथे थट्टा चालते. रात्री दहाला ती मामीशी फोनवर बोलायला लागली. खोलीत आणखी तिघीजणी होत्या, एक नर्सिंगला. चौघींनी मिळून घरमालकिणीला भाडं वाढवून दिलं आणि 'लग्न' हा विषय बंद करून टाकला. दीड महिन्यानं आली तेव्हा तक्रार पाण्याची नव्हती, कंत्राटाची होती. ती मला सोडवता येत नाही. पण बघा, ती आता त्रासाला योग्य नावानं हाक मारत होती.

तेव्हापासून मी 'आईला सांगितलं का' हा प्रश्न टाकून दिला. प्रत्येक घरात एक मामी, वहिनी, थोरला चुलतभाऊ असतो. तो शोधायचा. शिबिरात तुम्ही वक्ते शोधताय, मी म्हणते दहा माम्या शोधा.

तुमच्याकडे मांड आहे, वाड्यानं जमायची ती राखलेली जागा, हे विसरू नका. पौषातल्या रात्री धालोला बायका जमतात, पुरुषांना तिथे थारा नाही, गाणी होतात, सोंगं निघतात, आणि त्या सोंगांत एकमेकींची जी थट्टा चालते ती मी एकदा ऐकलीय. नवऱ्याच्या अंगापासून बाळंतपणापर्यंत काही सुटत नाही. म्हणजे शरीराबद्दल बोलायला भाषा आहे, जागा आहे, नियम आहेत. ती भाषा कदंब बसमध्ये बसून मडगावला येत नाही, एवढंच. आमच्या दवाखान्यात मिळते ती पुस्तकी. 'योनिमार्गातून स्राव होतो का?' असं मी विचारलं तर ती मुलगी 'नाही' म्हणणार, कारण प्रश्न तिला कळलेलाच नाही. शिबिराचं पहिलं सत्र मांडासारखं बसवा: बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, जमिनीवर गोल, मंच नाही, माइक नाही, फोटो तर अजिबात नाहीत. फोटोवरून मंडळात भांडण होईल, होऊ द्या.

मांडाचे गोडवे मात्र गाऊ नका. बऱ्याच वाड्यांवर पाळीतल्या बाईला तिथे पाय ठेवू देत नाहीत. भलत्या घरात प्रेम केलं तर बोलणं बंद होतं. आणि ज्या मुलाला मुलगेच आवडतात त्याला तर आपण मांडावर उभे राहू शकू की नाही हीच धास्ती. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं अशा संबंधांना गुन्हा म्हणणं थांबवलं, पण वाड्याला तो निकाल अजून पोचायचा आहे. त्याला पणजी सुटका वाटते, आणि पणजीत पहिल्याच वर्षी त्याला सगळ्यांत जास्त धोका असतो, कारण त्याला सावध करणारा कुणी नसतो.

स्वतःच्या लोकांनी स्वतःचा दवाखाना चालवावा, ही कल्पना जगात नवी नाही. सिडनीच्या रेडफर्न भागात तिथल्या आदिवासींनी १९७१ साली आपला दवाखाना काढला, शहरात आलेल्या आपल्या माणसांना इतरत्र अपमान होतो म्हणून. आपल्याकडे ते लगेच होणार नाही. पण २५ मे २०११ला बाळ्ळीला हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेला समाज आहे हा, दोन तरुण जीव त्यात गेले. मला नवल वाटतं ते याचं. जमातीच्या दाखल्यासाठी मामलेदाराकडे दहा खेपा घालणारा मुलगा तपासणीच्या दारातून एकदाच परत फिरतो. दाखल्यासाठी भांडणं हे समाजाचं काम वाटतं, स्वतःच्या अंगासाठी भांडणं स्वतःचा लाजिरवाणा खासगी मामला. मंडळानं हे जोडून दिलं तर पुष्कळ होईल. दोन-चार जण ठेवा, जे कुणाहीबरोबर दवाखान्यात जाऊन बाहेरच्या बाकावर बसतील. आत काय झालं विचारायचं नाही. फक्त बसायचं.

प्रश्न तोंडी मागू नका. बिस्किटांचा रिकामा डबा फिरवा आणि प्रत्येकाला चिठ्ठी टाकायलाच लावा, ज्याला प्रश्न नाही त्यानं कोरी टाकायची. म्हणजे कुणी लिहिली ते कळत नाही. माझ्या डब्यातून आजवर निघालेल्या काही चिठ्ठ्यांची उत्तरं देऊन ठेवते, तुम्हांला लागतील.

"खोबरेल तेल लावलं तर चालतं का?" आपल्याकडे घरोघरी तेच तेल, म्हणून हा प्रश्न दर वेळी येतो. निरोधबरोबर चालत नाही, तेलानं रबर कमकुवत होतं आणि फाटतं. फार्मसीत पाण्यावर आधारलेली जेली मिळते ती घ्यावी. त्याच सुरात सांगा की निरोध स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, एप्रिलच्या उन्हात ती डिकी भट्टी असते. पाकिटातही महिनोन्महिने नको.

"झोपेत जातं, अशक्तपणा येतो, चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब होतो ना?" नाही. वीर्य रक्तापासून बनत नाही, झोपेत जाणं या वयात नेहमीचं आहे. या एका भीतीपोटी पोरं भिंतींवरच्या जाहिरातींतल्या वैदूंना महिन्याचा पगार देतात. अशक्तपणा खरा असेल तर हिमोग्लोबिन तपासा, झोप विचारा, दारू विचारा.

"काल झालं, आज कुठली टेस्ट करू?" आज केलेली एचआयव्हीची तपासणी कालचं काही सांगणार नाही. लागण दिसायला वेळ लागतो, तीन महिन्यांनी निकाल पक्का धरायचा. पण धोका मोठा असेल, निरोध फाटला असेल किंवा जबरदस्ती झाली असेल, तर ७२ तासांच्या आत रुग्णालयात पोचा. २८ दिवसांच्या गोळ्या असतात, त्या लागण रोखू शकतात. हे ७२ तास मुलांना तोंडपाठ पाहिजेत. गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या गोळीचेही तेच, ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, चिठ्ठीशिवाय मिळते. ती दर महिन्याला घ्यायची गोष्ट नाही, आणि ती आजार रोखत नाही.

"पॉझिटिव्ह आलं तर लग्न संपलं?" नाही. औषधं फुकट आहेत. रोज घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न होतं, निरोगी मूल होतं. १०९७ हा फोन नंबर फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

"त्याच्याकडे माझे फोटो आहेत." ही चिठ्ठी आता मुलीच लिहितात असं नाही, मुलगेही. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी थांबत नाही. गप्पांचे स्क्रीनशॉट ठेवा, सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० वर फोन करा, आणि त्या रात्री एकटं झोपू नका. शेवटचं मी गंभीरपणे सांगते.

पाळी चुकलेल्या मुलीसाठी: अठरा पूर्ण असतील तर गर्भपाताला तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची नाही, बापाची नाही, लग्नाचा दाखला नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. यूट्यूब बघून गोळ्या आणू नका, बाहेरच्या बाहेर रक्तस्राव होऊन आलेल्या मुली मी पाहिल्यात.

आणि अठराच्या आतल्यांबद्दल तुम्ही स्वतः सावध असायला हवं, ताई. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यात अठराखालील संमती ही संमतीच नाही, मग दोघं राजीखुशीनं असली तरी, आणि कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून मी कुणीही बोलायला लागायच्या आधी वय विचारते आणि सांगते, हे मला गुप्त ठेवता येईल, हे येणार नाही. हे आधी न सांगता सगळं ऐकून घेणं आणि मग फोन उचलणं, याला मी फसवणूक म्हणते. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली तर तिनं किंवा पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव देण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलंय. हे पुष्कळ डॉक्टरांनाही माहीत नसतं. निकालाचा कागद छापून जवळ ठेवा.

दारूवर वेगळं सत्र नको. हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत तर कुणी ऐकणारही नाही. एवढंच सांगा की झिंगलेल्या माणसाचं 'हो' धरायचं नाही, आणि निघताना ज्या मित्राबरोबर आलात त्याच्याबरोबरच निघायचं.

तारखेचं सांगते आणि थांबते. तुम्ही रविवार म्हणालात. रविवारी ही मुलं गावी असतात, हॉटेलवाल्यांना सुट्टीच नसते. कामावरच्यांसाठी मंगळवार-बुधवारची दुपार बघा, कॉलेजवाल्यांसाठी शुक्रवार संध्याकाळ, आणि काणकोणची शेवटची बस सुटायच्या तासभर आधी आवरा, नाहीतर अर्धी मुलं घड्याळाकडे बघत बसतील. डॉक्टरांना बोलवा, पण त्यांना डबा उघडल्यानंतरच आत घ्या. मी येईन. मला खुर्ची नको, आणि माझी ओळख करून देताना 'मॅडम' म्हणू नका. डबा मीच आणते, माझ्या डब्याचं झाकण घट्ट बसतं.